डोळ्यांना मराठी, यंत्राला इंग्रजी

"अगं, ह्यांनी हे सगळं इंग्रजीत कधी लिहिलं?" मावशीने विचारलं. काकांच्या जुन्या सीडीवरच्या फायली मी तिच्या लॅपटॉपवर उतरवून दिल्या होत्या आणि तिने मोठ्या उत्सुकतेने त्यातली पहिलीच उघडली होती. काका शाळेत विज्ञान शिकवायचे. दर महिन्याला ते मुलांसाठी एक टिपण काढायचे. या महिन्यात सूर्यास्तानंतर पूर्वेला काय उगवेल, कोणता ग्रह कोणत्या नक्षत्रात आहे, चांदण्याची आडकाठी कुठल्या रात्री नसेल, असं सगळं त्यात असायचं. छापायला देण्याआधी ते मावशीला वाचून दाखवायचे, त्यामुळे त्यातली कितीतरी वाक्यं तिला पाठ होती. आणि आता तिच्यासमोर होत्या इंग्रजी अक्षरांच्या ओळी. मध्येच अर्धविराम, मध्येच कंस, शब्दाच्या पोटात कॅपिटल अक्षर, आणि पानभर लाल नागमोडी रेघा. तिने चष्मा वर केला, खाली केला, एका शब्दावर बोट टेकवलं आणि म्हणाली, "एक शब्द लागत नाही गं."

"मावशी, मराठीच आहे ते. फक्त फाँट नाहीये तुझ्याकडे," मी सवयीने म्हणाले.

या प्रश्नाला सगळे हेच उत्तर देतात. घरातल्या आणि ओळखीतल्या अनेकांचे कॉम्प्युटर माझ्याकडे येतात, त्यांना मीही हेच सांगत आलेय. पण त्या दिवशी घरी परतताना 'मराठीच आहे ते' हे शब्द डोक्यातून जाईनात. मराठी कुणासाठी? काकांसाठी होतं, कारण त्यांना पडद्यावर मराठी दिसत होतं. मावशीसाठी आत्ता नव्हतं. आणि ज्या यंत्राने ती फाईल इतकी वर्षं जपली, त्याच्यासाठी ते मराठी कधीच नव्हतं. त्याने सुरुवातीपासून इंग्रजीच जपलं होतं.

काकांची फाईल 'कृतिदेव' फाँटातली होती. या फाँटात 'मराठी' शब्द लिहिला की कॉम्प्युटरच्या पोटात जातात ई, जे, के, मोठा बी आणि एच ही इंग्रजी अक्षरं. आकड्यांत सांगायचं तर १०१, १०६, १०७, ६६, १०४. फाँट फक्त एवढंच करतो की ईच्या जागी म चं चित्र काढतो, जेच्या जागी र चं, केच्या जागी कान्याचं. कॅपिटल ई दिला तर अर्धा म्. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार भाड्याने राहत होते म्हणा ना. फाँट काढून घेतला की भाडेकरू गेले आणि मूळ मालक दारात येऊन उभे राहिले. लाल रेघांचं कारणही तेच. स्पेलिंग तपासणाऱ्या यंत्रणेला पानभर चुकीचं इंग्रजी दिसत होतं आणि ती बिचारी प्रामाणिकपणे प्रत्येक शब्द अधोरेखित करत होती.

त्या काळात हे असंच करावं लागलं, आणि ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. एका फाँटात जेमतेम २५६ जागा, त्यातल्या काही आधीच अडलेल्या. त्यात अख्खी देवनागरी बसवायची. अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, वेगवेगळ्या रुंदीच्या अक्षरांवर नीट बसणाऱ्या वेलांट्या. प्रत्येक फाँट बनवणाऱ्याने हे कोडं आपापल्या परीने सोडवलं, आणि घोळ नेमका तिथेच झाला. 'शिवाजी'ची मांडणी वेगळी, 'श्रीलिपी'ची वेगळी, 'कृतिदेव'ची वेगळी, 'सुरेख' आणि 'योगेश'ची आणखी वेगळी. एका फाँटातला मजकूर निवडून दुसरा फाँट लावला की मराठीचं दुसरंच काहीतरी अगम्य व्हायचं. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं प्रमाण १९९१ सालीच ठरलं होतं. सीडॅक या सरकारी संस्थेची, कॉम्प्युटरमध्ये बसवायची जिस्ट कार्डंही होती, ज्यांच्यावर अक्षर हे अक्षर म्हणूनच साठवलं जाई. पण छपाईच्या धबडग्यात जे पानावर पटकन उमटेल ते चाललं, आणि पानावर उमटायला चित्र पुरेसं होतं.

मला ते डीटीपीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावण्याचे, दिवस अंगासकट आठवतात. जाड काचेच्या मॉनिटरजवळ हात नेला की केस उभे राहायचे. कीबोर्डच्या वर भिंतीवर तक्ता चिकटवलेला असायचा, कडा पिवळ्या पडलेल्या, नेहमी लागणाऱ्या जोडाक्षरांवर पेनाने गोल केलेले. काही अक्षरं थेट कळीवर मिळायची नाहीत. मग डाव्या हाताने ऑल्ट दाबून धरायचा आणि उजव्या हाताने नंबर पॅडवर आकडे मारायचे, आणि हात सोडला की अक्षर उमटायचं. सराईत ऑपरेटरला असे कितीतरी आकडे तोंडपाठ असत. वर्डमधली वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करण्याची सोय सगळ्यात आधी बंद करावी लागे. इंग्रजीत ती मदत, इथे मात्र प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीचा म किंवा स अर्धा करून ठेवायची. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, कारण ती दिसते आधी. रफार शेवटी, काना-मात्रा झाल्यावर, कारण तो उजवीकडे वर बसतो. आपण मराठी लिहीत नव्हतो, मराठीचं चित्र डावीकडून उजवीकडे काढत होतो. आणि ते चित्र प्रिंटरमधून सरसरत बाहेर आलं की काय आनंद व्हायचा! तो आनंद खोटा नव्हता.

मग आलं युनिकोड, जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारं प्रमाण. त्याने काय केलं, हे सांगताना मी अजूनही रंगून जाते. त्याने म ला स्वतःचा क्रमांक दिला, २३५०. तो दुसऱ्या कुठल्याही लिपीतल्या कुठल्याही अक्षराचा नाही. र चा २३५२, कान्याचा २३६६, ठ चा २३३६, दीर्घ वेलांटीचा २३६८. 'मराठी' म्हणजे हे पाच आकडे, याच क्रमाने, कुठल्याही यंत्रावर. अक्षर कसं दिसावं हे फाँट ठरवेल, पण अक्षर कोणतं हे फाँटाच्या हातात नाही. वेलांटी दिसायला आधी असली तरी साठवताना उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते, रफाराचा र त्याच्या खऱ्या जागी, पुढच्या व्यंजनाच्या आधी. आणि या सगळ्यावर एक वचन आहे, जे मला फार मोलाचं वाटतं. एकदा दिलेला क्रमांक बदलायचा नाही, काढून घ्यायचा नाही. सुरुवातीला एकदा कोरियन अक्षरांची मोठी हलवाहलव झाली होती, १९९६च्या आवृत्तीत. त्यानंतर हा नियम पक्का झाला. आज लिहिलेला म पुढे कधीही उघडला तरी म च असेल, यासाठी कुणीतरी बसून नियम केलाय.

पण हे वचन आपल्या टेबलापर्यंत यायला वेळ लागला. विंडोज २०००मध्ये देवनागरीची सोय आली, र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' फाँट आला. विंडोज एक्सपीमध्ये मात्र ती सोय मुद्दाम चालू करावी लागे. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या खिडकीत जाऊन एका चौकटीत बरोबरची खूण करायची, मग ते सीडी मागायचं, सीडी घरघरायची, मशिन पुन्हा सुरू करायचं. ती खूण केलेली नसली तर वेलांट्या अक्षरापासून सुटून भलत्याच जागी दिसायच्या. ओळखीच्यांच्या मशिनवर ती चौकट शोधून खूण करणं हा त्या काळातला माझा आवडता उद्योग होता. मशिन परत सुरू झालं की मी फोल्डरला मराठी नाव देऊन दाखवायचे. लोक एवढ्या जवळून स्क्रीनकडे बघायचे! मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, आणि आपण मराठीत विचारलेलं मराठीत सापडतं ही गोष्ट हळूहळू रोजची झाली.

काका या सगळ्याच्या मधल्या पिढीतले. त्यांना युनिकोड माहीत नव्हतं असं नाही. पण त्यांची टिपणं पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये लागायची आणि पेजमेकरला युनिकोडची देवनागरी कळत नसे. छापणाऱ्याला कृतिदेव हवा, म्हणून काकांनी कृतिदेव ठेवला. उद्याचा अंक वेळेवर निघायचा असेल तर कुणीही तेच करेल.

मग मी त्या फायली सोडवायला बसले. कुणाकडे अशा फायली असतील तर उपयोगी पडेल म्हणून जरा तपशिलात सांगते. सर्वात आधी मूळ फायलींची एक प्रत वेगळी काढून ठेवायची, तिला हात लावायचा नाही. मग वर्डमध्ये फाईल उघडून मजकुरावर कुठेही क्लिक करायचं आणि वरच्या फाँटाच्या चौकटीत नाव वाचायचं. फाँट मशिनवर नसला तरी त्याचं नाव फाईलमध्ये असतं, आणि सगळा उलगडा त्या नावातून होतो. म्हणूनच जुनी फाईल साध्या टेक्स्टमध्ये कधी सेव्ह करू नये, तिथे हे नाव पुसलं जातं आणि उरतात नुसती बेवारशी इंग्रजी अक्षरं. नाव कळलं की तो फाँट मशिनवर टाकायचा आणि फाईल जशी दिसत होती तशी एक पीडीएफ काढून ठेवायची. पुढे शंका आली की मूळ पान हाताशी असतं. त्यानंतर परिवर्तक. त्या त्या फाँटासाठी बनवलेले परिवर्तक इंटरनेटवर मिळतात. जुनी इंग्रजी खिचडी एका बाजूला टाकायची, दुसऱ्या बाजूला युनिकोड बाहेर येतं.

आणि मग खरं काम सुरू होतं.

परिवर्तकाला अक्षरं कळतात, भाषा कळत नाही. काकांचा 'सूर्यास्त' बाहेर आला तेव्हा त्यातला रफार य वर पोचलाच नव्हता, एक पाय मोडका र य च्या मागे वाट चुकल्यासारखा उभा होता. 'विशाखा'ची वेलांटी व च्या आधी, ठिपक्यांच्या वर्तुळावर. 'ताऱ्यांचा' लिहिताना लागणारा तो खास मराठी आडवा र तर कुठेच नव्हता, सगळीकडे 'तार्यांचा' झालं होतं. शिवाय काका कंसात ताऱ्यांची इंग्रजी नावं लिहायचे. ती खरोखरच इंग्रजीत होती, वेगळ्या फाँटात. परिवर्तकाने त्यांनाही कृतिदेव समजून मराठीत आणलं, आणि व्याधापुढच्या कंसात अशी काही अक्षरं आली की जिभेला वळण पडावं. यावर उपाय एकच, फाँटाप्रमाणे मजकूर निवडून तेवढाच पाठवायचा. वर्डमध्ये एका फाँटातला सगळा मजकूर एकदम निवडता येतो, ती सोय शोधून ठेवा.

शुद्धलेखन तपासायला मी मावशीकडे गेले. तिच्याकडे काही छापील अंक होते. ती अंकातून मोठ्याने वाचायची आणि मी स्क्रीनवर पाहत जायचे. "मृगाच्या पोटात शिरलेला बाण नीट पाहा, ते तीन तारे एका रेषेत आहेत. ती रेषा खाली वाढवा, म्हणजे व्याध सापडेल." हे तिने अंकात न बघता म्हटलं. मी शब्दावर थांबले की ती पुढचा शब्द सांगायची, आणि तो बरोबर असायचा. काही ठिकाणी छापील अंकातलं वाक्य आणि फाईलमधलं वाक्य वेगळं निघालं. काकांनी शेवटच्या क्षणी बदल केले असणार, किंवा ऑपरेटरने जागेसाठी कापलं असणार. अशी एक ओळ लागली जी छापून आलीच नव्हती. मुलांनी अंगणातला दिवा मालवून निदान काही मिनिटं अंधारात नुसतं उभं राहावं, डोळ्यांना सवय होऊ द्यावी, अशा अर्थाची. मावशीने ती दोनदा वाचायला लावली. तिला बरं वाटत होतं की वाईट, मला सांगता येणार नाही. मलाही दोन्ही वाटत होतं.

सगळं नीट लागलं असं वाटल्यावर मी फोनवरून रोहिणीचं इंग्रजी नाव शोधून पाहिलं, ॲल्डेबरन. काकांच्या एका टिपणात ते देवनागरीत होतं, मी स्वतः तपासलेलं. शोधाने सांगितलं, सापडलं नाही. फाईल उघडून बघितली तर शब्द समोर, अगदी तसाच. अनेकांना ठाऊक नसलेली खोच इथे आहे. अर्धचंद्र डोक्यावर असलेल्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तो २४१८. त्याआधी लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्राची मात्रा द्यायचे, कुणी मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालायचे, तर कुणी ए वर चंद्र असलेलं हिंदी वळणाचं ऍ वापरायचे. डोळ्यांना नवा ॲ आणि जुन्यातले पहिले दोन प्रकार एकच. यंत्राला ते वेगवेगळे शब्द. माझा परिवर्तक जुन्या पद्धतीने अ आणि चंद्र वेगवेगळे देत होता, फोन नवा ॲ देत होता. बदल एका झटक्यात करता आला, शोधा आणि बदला. पण शोधल्यावर सापडलं नाही म्हणजे ते नाहीच, असं मराठीत धरून चालता येत नाही. ॲ असलेला शब्द शोधताना मी आता दोन्ही तऱ्हा टाकून बघते.

मला खरी चिंता जुन्या फायलींची नाही, त्या कधीतरी कुणी सोडवेल. चिंता आजच्या पीडीएफची आहे. आजही सुंदर छापलेलं मराठी पुस्तक किंवा परिपत्रक पीडीएफमध्ये मिळतं, कंट्रोल-एफ दाबून त्यात शब्द शोधावा तर काही सापडत नाही, ओळ कॉपी करावी तर तीच जुनी इंग्रजी खिचडी चिकटते. जुने साचे, हात बसलेला, मग चाललंय तसंच. आता पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट मांडता येते, 'मुक्त'सारखे उत्तम मुक्तस्रोत फाँट आहेत, आयआयटी मुंबईचा 'शोभिका' आहे. सबब उरलेली नाही. अंध वाचकासाठी स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर असं पान उघडतं तेव्हा त्याला मराठी ऐकू येत नाही, तुटक इंग्रजी अक्षरं ऐकू येतात. हा विचार मनात आला की मला राग येतो. पीडीएफ हातावेगळी करण्याआधी तिच्यातला रफार असलेला एक शब्द शोधून बघावा. 'कार्य' चालेल, 'वर्ग' चालेल. सापडला तर फाईल जिवंत आहे.

टायपिंगबद्दल एकच आग्रह, इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डची प्रमाण मांडणी शिकावी. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. क च्या कळीवर शिफ्टने ख, ग च्या कळीवर घ, त वर थ, प वर फ. आपल्या वर्णमालेची रचना बोटांना कळते. लिहिताना डावा-उजवा, डावा-उजवा असा ठेका धरला जातो. आणि आत काय साठवतोय हे हातांना ठाऊक असतं. 'क्षि' लिहून मागची कळ दाबली की आधी फक्त वेलांटी जाते, मग ष, मग पाय मोडल्याची खूण, मग क. पुढून डिलीट दाबलं तर बहुतेक ठिकाणी अख्खं अक्षर एकदम जातं. लिहिताना आपण ते तुकड्यातुकड्याने जोडलेलं असतं, म्हणून मागे येताना तुकडा तुकडा सुटतो. ही छोटी गोष्ट मला इतकी आवडते की शिकवताना मी ती हमखास करून दाखवते.

माझी भाची आत्तापर्यंत रोमन लिपीत मराठी लिहायची. 'आहे'चं स्पेलिंग ती एकाच दिवसात तीन तऱ्हांनी करते, त्यामुळे तिचा जुना निरोप शोधायचा तर कुठलं स्पेलिंग टाकायचं हा प्रश्न असायचा. मी तिच्या फोनवर मराठी कीबोर्ड बसवला आणि काकांच्या टिपणांची नवी फाईल पाठवली. त्यावर ती काही बोलली नाही. मग एका रात्री निरोप आला, देवनागरीत, अडखळत लिहिलेला. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी ती आकाशावर काहीतरी लिहीत होती आणि अडली होती. 'तार्यांचा असं होतंय, आजोबांच्या फाईलमध्ये वेगळं आहे, तो र कुठून आणायचा?'

मी कळवलं, "साधा र नको, खाली टिंब असलेला ऱ घे. मग पाय मोड, मग य. आणि आधीचे सगळे 'तार्यां' शोधून एकदम बदल, हाताने एकेक करू नकोस."